बदली लाइनमन

सरांच्या घरी कुणालाही पाणी विचारल्याशिवाय द्यायचं नाही, असा नियम होता. विचारायचं म्हणजे 'पाणी देऊ का' असं नाही. 'तहान लागलीय का' असं. सर म्हणायचे, पहिल्या प्रश्नाला माणूस भिडेखातर हो म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला त्याला आधी स्वतःच्या आत डोकावून यावं लागतं.

काकूंना हे पटत नसे. औरंगाबादेत वाढलेली बाई. दारात आलेल्या माणसाला पाणी न देता बसवून ठेवायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून त्यांनी आपल्यापुरती तडजोड काढली होती. वीजबिलवाला, पोस्टमन, सोसायटीचे सेक्रेटरी, दूरचे नातेवाईक, अशा परक्या माणसांपुढे त्या गुपचूप तांब्या-पेला ठेवून जायच्या. घरच्या माणसाला मात्र सरांच्या नियमाप्रमाणे विचारायच्या. त्यामुळे हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या त्या घरात आपण कोण आहोत हे पाण्यावरून कळायचं.

मी माडीवरची खोली भाड्यानं मागायला गेलो त्या दिवशी काकूंनी माझ्यापुढे पेला ठेवला आणि मी तो पिऊन टाकला. पलंगावर बसलेले सर म्हणाले, "तहान होती?"

मी नाही म्हणालो.

"मग कैकू पिला रे? हौला आहेस का?"

हौला म्हणजे हैदराबादी भाषेत वेडपट. घरमालकाशी झालेलं माझं हे पहिलं संभाषण. खोली मिळाली. पुढे तीनेक महिन्यांनी एका दुपारी मी कॉलेजातून आलो तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "तहान आहे का रे?" मी 'आहे' म्हणालो. खरंच होती. घरापासून लांब राहणाऱ्या पोराला त्या प्रश्नानं किती बरं वाटलं होतं, ते आज सत्तेचाळिसाव्या वर्षीही आठवतं.

सर कुकटपल्लीच्या पुढे एका फार्मसी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग भाडेकरू, मग त्याच कॉलेजात त्यांच्या हाताखालचा लेक्चरर. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून हैदराबादेत. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके मुरलेले होते की काढायला गेलं तर वाक्यच कोसळलं असतं. उंच, वाळके, पांढरा बुशशर्ट, खांद्याला शबनम आणि तिच्यात दोन लिटरची स्टीलची बाटली. व्हरांड्यात एका बंद पडलेल्या धान्याच्या दुकानातून आणलेला वजनकाटा. रोज सकाळी आंघोळीआधी सर त्याच्यावर उभे राहायचे. आपलं झालं की जो दिसेल त्याला उभं करायचे. दूधवाल्याचं चौदा वर्षांचं वजन त्यांना तोंडपाठ होतं.

या सगळ्याला कारण होतं. सर पस्तिशीचे असताना त्यांच्या मेंदूच्या बुडाशी, पीयूष ग्रंथीवर, एक गाठ निघाली होती. गाठ गेली, पण जाताना ग्रंथीचा मागचा भाग निकामी करून गेली. हे ते वर्गात असं सांगायचे: "आपल्या मोहल्ल्यात एक लाइनमन असतो की नाही, लांब सळई घेऊन व्हॉल्व्ह उघडणारा, बंद करणारा? तसा एक मेंदूत असतो. रक्त जरा खारट झालं की वरच्या साहेबाला कळतं. साहेब म्हणजे हायपोथॅलॅमस. तो दोन कामं करतो. एक, तुम्हाला तहान लावतो. दोन, लाइनमनला खाली पाठवतो. लाइनमन मूत्रपिंडात जाऊन व्हॉल्व्ह आवळतो, म्हणतो, पाणी सोडू नका, वरती टंचाई आहे. माझा साहेब शाबूत आहे. लाइनमन मात्र सुट्टीवर गेला तो गेलाच."

लाइनमन म्हणजे ते संप्रेरक. ते नसलं की मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत. दिवसाला बादलीभर लघवी होते, नळाच्या पाण्यासारखी, ना रंग ना वास. आणि तेवढंच पाणी प्यावं लागतं, नाहीतर रक्तातलं मीठ चढत जातं. सर त्याच संप्रेरकाची गोळी घ्यायचे, सकाळी एक, रात्री एक. तिला ते 'बदली लाइनमन' म्हणायचे. पाण्याच्या नियमाचं मूळही त्या गोळीतच होतं. बदलीवरच्या माणसाला व्हॉल्व्ह आवळण्यापलीकडे काही कळत नाही, म्हणायचे. गोळी घेतल्यावर कुणाच्या भिडेखातर चार पेले प्यायलो तर पाणी आतच राहील, रक्त पातळ होईल आणि मेंदू सुजेल. म्हणून तहान लागली तरच प्यायचं आणि लागली की लगेच.

पण लग्नात, मुंजीत, सत्यनारायणाला समोर आलेला पेला "नक्को, तहान नाही" म्हणून परत करणारा माणूस लोकांना विक्षिप्तच वाटणार. तासाभरानं तोच माणूस यजमानाच्या माठाशी उभा राहून तांब्यावर तांब्या रिचवताना दिसला, तर मग विचारायलाच नको.

दर वर्षी उन्हाळ्याआधी तहानेचा धडा यायचा. त्या दिवशी सर सकाळची गोळी घ्यायचे नाहीत. काटा रिक्षात घालून वर्गात आणायचे आणि दर तासाला विद्यार्थ्यांकरवी आपलं वजन करून घ्यायचे. मधल्या वेळात शिकवणं चालू. दहा वाजता जीभ टाळ्याला चिकटायला लागायची. अकराला खडू धरलेला हात थरथरायचा. पोरं गप्प व्हायची. टेबलावर भरलेला तांब्या आणि गोळी ठेवलेली असायची आणि सर त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. दोन किलो उतरले की खेळ बंद, हा नियम. साधारण बाराला काटा तिथं यायचा. मग गोळी घ्यायचे आणि पोरांना घड्याळ बघायला सांगून पाणी प्यायचे.

"तहान गेली," पेला खाली ठेवून म्हणायचे. "पाणी अजून पोटात आहे, रक्तात एक थेंब गेला नाही, तरी गेली. घशानं वर कळवलं, माल निघालाय. साहेबानं तेवढ्यावर विश्वास ठेवला. नुसतं ओलं फडकं ओठाला लावलं तरी तो घडीभर फसतो. फसतो, पण विसरत नाही."

हा धडा मी विद्यार्थी म्हणून एकदा आणि हाताखालचा म्हणून पाच वेळा पाहिला. पाची वेळा काटा मी वाचला. हे मुद्दाम सांगतो आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणखी एक. आपल्या जवळच्या प्रत्येक माणसाकडून सरांनी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, तीन भाषांत. कधी बेशुद्ध पडलो, तर दवाखान्यात समोरची नर्स कुठली असेल सांगता येत नाही, म्हणून. मराठीत: यांना ही गोळी द्या, नाहीतर पाणी द्या, दोन्ही बंद करू नका. तेलुगूत: ईयनकी ई मात्र इव्वंडी, लेदा नीळ्ळु इव्वंडी, रेंडू आपोद्दु. आणि दख्खनीत: इनकू ये गोली देव, नै तो पानी देव, दोनों बंद नक्को करो. सर अधूनमधून जिन्यात अडवून म्हणवून घ्यायचे. सुरुवातीला मी दबक्या आवाजात म्हणायचो. "जोरात," सर म्हणायचे. "नर्सच्या हातात दहा पेशंट असतात. तू काय माझ्या कानात मंत्र देतोयस?"

मला जोरात बोलता येत नसे. अजूनही येत नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा नांदेडहून सासरे जागा बघायला आले. बरोबर बायकोचे मामा. काकूंनी पाहुण्यांना पाणी दिलं, चहा केला. सरांनी सासऱ्यांना काट्यावर चढवलं, आणि वजन वाचून सगळ्यांसमोर विचारलं, रात्री लघवीला कितीदा उठता? सासरे लालबुंद झाले. मामांनी खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं. मग सरांनी त्यांना लाइनमन समजावला, पाऊण तास. स्टेशनला सोडायला गेलो तेव्हा रिक्षात सासऱ्यांनी कानशिलापाशी बोट गोल फिरवलं आणि म्हणाले, "तुमचे घरमालक जरा हे आहेत का?"

मी हसलो. म्हणालो, "हो, आहेत जरा."

पुढे उन्हाळ्यात सासऱ्यांनी तपासून घेतलं तर साखर निघाली, चांगलीच वाढलेली. सरांचा प्रश्न बरोबर होता. पण त्या हसण्यानंतर मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं: सरांविषयी परक्यांना समजावत बसायचं नाही. दर वेळी अर्धा तास जातो, आणि शेवटी लोक माझ्याकडेच बघून हसतात.

सासरे येऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी सर पडले. आमच्याकडे नळ एक दिवसाआड यायचा. नळाच्या संध्याकाळी ड्रम सरकवताना त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. काकू बहिणीकडे नांदेडला गेल्या होत्या. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी सरांना रात्रीची गोळी दिली आणि गोळ्यांची पट्टी शर्टाच्या खिशात ठेवली. दवाखान्यात सांगितलं, सकाळी नऊला ऑपरेशन. रात्री दहानंतर तोंडानं काही नाही, पाणीसुद्धा नाही. सरांना दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं. डोळे मिटण्याआधी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाक्य?"

मी म्हणालो, "आहे, सर."

सकाळी मी नर्सजवळ गेलो. तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, डॉक्टर राउंडला येतात, त्यांना बोला. डॉक्टर आले, मागे सहा-सात शिकाऊ. भराभर विचारत गेले. शुगर? नाही. बीपी? नाही.

"और कोई दवाई चलती?"

तीन सेकंदं असतील. मला पुढचं सगळं दिसलं. मी गोळी दाखवणार, ते विचारणार कशाची, मी सांगायला लागणार, शिकाऊंपैकी कुणीतरी दुसऱ्याकडे बघणार, कुणीतरी हसू दाबणार. रिक्षातलं ते बोट दिसलं. मी म्हणालो, "नहीं, सर."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी गोंधळलो. मी गोंधळलो नव्हतो. मला सरांची लाज वाटली.

ते पुढच्या पलंगाकडे गेले. मी स्वतःला समजावलं की नऊला ऑपरेशन आहे, नंतर सांगू. नऊचे अकरा झाले. अपघाताची एक केस आली, अकराचे दोन झाले. सलाइन चालू होतं, म्हणजे पाणी जातंय, असं मी म्हणालो. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, हे वर्गात मीच सांगायचो. मग म्हणालो, सर दर वर्षी बारापर्यंत राहतातच की. आपल्या धड्यानं सरांनी मला हेही शिकवलं होतं, त्यांच्या नकळत. पण वर्गात ते जागे असायचे, तांब्या समोर असायचा आणि काटा वाचायला मी असायचो.

लघवीची पिशवी भरत होती. आया येऊन रिकामी करायची, तासाभरात पुन्हा भरायची. नळाच्या पाण्यासारखी. तिसऱ्यांदा आया कौतुकानं म्हणाली, "साहब के गुर्दे एकदम फस क्लास है, बाबा." मी मान डोलावली.

सुरुवातीला सर झोपेतच पाणी म्हणत होते. मी रुमाल ओला करून त्यांच्या ओठांना लावायचो. ते चोखायचे आणि शांत व्हायचे. पुन्हा पाणी म्हणायचे, मी पुन्हा लावायचो. बाराच्या पुढे ते मागायचे थांबले. मला बरं वाटलं. नुसती तहान लागून चालत नाही, ती बोलून दाखवायला माणूस शुद्धीवर लागतो. ते शुद्धीवर राहिले नव्हते.

दोनच्या सुमाराला भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या. त्यांनी नुकताच आलेला रक्ताचा रिपोर्ट वाचला, मग पिशवीकडे बघितलं, मग सरांच्या पापण्या उघडून बघितल्या. सरांचा उजवा हात झटके देत होता.

"सोडियम इतना कैसे? क्या दवा लेते ये?"

मी खिशातून पट्टी काढली. हात आपोआप गेला, तसं तोंडही आपोआप बोललं. "अभी घर से लेके आया, मॅडम."

त्यांनी पट्टी हिसकावूनच घेतली. "सुबह लाना था ना," म्हणाल्या, आणि लगेच, बहुधा माझं तोंड बघून, "चलो, लाए तो सही."

सरांना अतिदक्षता विभागात हलवलं. चढलेलं मीठ घाईनं उतरवता येत नाही, मेंदू सुजतो. त्याला दिवस लागले. काकू संध्याकाळच्या गाडीनं आल्या तेव्हा त्याच डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "आप के स्टूडेंट ने टैम पे दवा ला दी, अम्मा." काकूंनी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये माझे दोन्ही हात धरले. मी हात सोडवून घेतले नाहीत.

तेव्हापासून मी सरांना वाचवणारा. बारशात, केळवणात, सरांच्या मित्रांत काकूंनी हे इतक्यांदा सांगितलं की त्यात रहदारी आली, रिक्षावाल्याशी हुज्जत आली. मी कधी दुजोरा दिला नाही, नाहीही म्हणालो नाही. माझा स्वभाव अबोल, त्याला लोक नम्रपणा समजले.

सर घरी आल्यावर महिन्याभरानं, काकू देवळात गेलेल्या असताना, त्यांनी मला पलंगाजवळ बसवलं. बोलणं मंद झालं होतं. एकेक शब्द शोधून आणायचे.

"गोळी आणायला घरी गेलास."

"हो, सर."

"किती वेळ लागला?"

मी म्हणालो, जाऊन-येऊन पाऊण तास.

सरांनी छताकडे बघितलं. "मग पाऊण तास माझ्यापाशी कोणी नव्हतं." माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "पण ओलं फडकं तर सारखं लागत होतं ओठाला."

व्हरांड्यात शेजारच्या मुलाला काट्याचा खेळ सापडला होता, त्याच्या उड्यांचा खडखडाट येत होता.

"बरं," सर म्हणाले. आणि उशी नीट करायला सांगितली.

त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. काकूंना त्यांनी काही सांगितलं असावं असं मला वाटत नाही. काकूंचं वागणं बदललं नाही. सर चार वर्षं जगले, वॉकर घेऊन. पण एक गोष्ट दोनदा विचारायचे, बेरजा चुकायच्या, दूधवाल्याचं वजन विसरले. वर्गात उभे राहिले तेव्हा लाइनमनपर्यंत आले आणि पुढचं सुचेना. पोरं वाट बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी काटा माझ्या नावानं कॉलेजात पाठवून दिला. पुढे गेले ते हृदयविकारानं. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मीही तसंच म्हणत आलो. जे गेलं ते चार वर्षं आधीच गेलं होतं, हे मला माहीत आहे.

आता तो धडा मी शिकवतो. माझा लाइनमन शाबूत आहे, त्यामुळे काट्यावर दाखवण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. सरांची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत दवाखान्यात पेशंटजवळ कोण होतं ते येत नाही.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काकू शहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघा बदलायचा आहे, सोमवारी भरती. मूलबाळ नाही. पुण्याचा भाचा येतो म्हणाला होता, त्याला त्यांनी नको सांगितलं. "तू बस माझ्याजवळ," म्हणाल्या. "तू असलास की मला कसली काळजी? यांच्या वेळी बघितलंय मी."

मी हो म्हणून फोन ठेवला. दोन दिवस नुसता फिरत होतो. बायकोला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर काचीगुड्याला गेलो.

काकू भाजी निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "ये. तहान आहे का रे?"

"नाही, काकू," म्हणालो आणि खाली बसलो. मग सांगितलं. राउंड, तीन सेकंदं, पट्टी खिशातच होती ते, आयाचं बोलणं, रुमाल, मॅडमना काय सांगितलं ते. रिक्षात हसलो तेही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती तरी. आवाज चढला नाही, पण सगळं ऐकू जाईल इतका होता. काकूंनी मधे एकदाच विचारलं.

"यांना माहीत होतं?"

"हो. रुमालावरून."

काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. बाहेर नळाची वेळ झाली होती, शेजारी बादल्या लागत होत्या. मग त्यांनी निवडलेली पानं एका बाजूला केली, देठं कागदात गुंडाळली आणि भिंतीला हात लावून उठल्या. उठताना गुडघा दुखला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"पुण्याला फोन करते," म्हणाल्या. "सोमवारी येता येईल का विचारते त्याला."

त्या आत गेल्या. फोनवरचं बोलणं मला अर्धवट ऐकू आलं. नंतर भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्या-पेला होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला, काही न विचारता, आणि पुन्हा भाजीपाशी जाऊन बसल्या.

मला तहान नव्हती. मी पेला भरला आणि प्यायलो.